हत्ती ओढणारा सिंह

आपल्या सुशिक्षित घरांतून थकव्याला फारशी प्रतिष्ठा नाहीं. ताप आला तर मुलाला अंथरुणावर निजवून ठेवतील. हात मोडला तर महिनाभर त्याला पाण्याचा तांब्यासुद्धां कोणी उचलूं देणार नाहीं. परंतु ‘मी थकलों आहें’ एवढेंच म्हणणाऱ्या माणसाला सामान्यतः दोनच उत्तरें मिळतात. एक मोठ्यानें बोललेलें : ‘जरा पड, म्हणजे बरें वाटेल.’ दुसरें मनांतल्या मनांत दिलेलें : ‘आमच्या वेळीं असलीं थेरें नव्हतीं.’ त्यांतून तो माणूस शाळेपासून पहिला नंबर घेत आलेला, मोठ्या हुद्द्यावर चढलेला, चारचौघांत ज्याचें नांव कौतुकानें घेतलें जातें असा असला, म्हणजे तर त्याच्या थकव्यावर विश्वास ठेवावयास कोणीच तयार होत नाहीं. आणि सर्वांत शेवटीं तयार होतो तो स्वतः. या महिन्यांत ज्या अवस्थेविषयीं लिहावयाचें योजिलें आहे, ती विशेषेंकरून अशाच माणसांना गांठते.

इंग्रजींत तिला ‘बर्नआउट’ म्हणतात. म्हणजे जळून संपणें. समई लावणाऱ्या गृहिणीला हा अर्थ समजावून सांगावयास नको. समईंत तेल आहे तोंवर जळतें तें तेल. वात केवळ निमित्तमात्र. तेल संपलें कीं खुद्द वातच जळूं लागते. ज्योत त्यानंतरहि कांहीं वेळ दिसत राहते. पण काजळी धरते, करपट वास सुटतो. लांबून पाहणारा म्हणतो, ‘दिवा तर लागलेला आहे!’ घरांतल्या माणसाला मात्र वास यावयास पाहिजे.

हा शब्द या अर्थानें मानसशास्त्रांत रूढ करणाऱ्या गृहस्थांची हकीकत मोठी बोधप्रद आहे. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांचा जन्म १९२६ सालीं जर्मनींतील फ्रांकफुर्ट येथें एका ज्यू कुटुंबांत झाला. नाझी राजवटीच्या छळामुळें लहानपणींच देश सोडून ते अमेरिकेस आले आणि पुढें न्यूयॉर्कमध्यें मानसशास्त्रज्ञ म्हणून त्यांनीं नांव मिळविलें. १९७० च्या सुमारास त्या शहरांत व्यसनाच्या आहारीं गेलेल्या तरुणांसाठीं मोफत दवाखाने निघाले होते. दिवसभर आपला व्यवसाय करावा आणि तो आटोपला कीं अशा एका दवाखान्यांत जाऊन रात्रीं उशिरापर्यंत विनामूल्य खपावें, असा त्यांचा क्रम सुरू झाला. असें सांगतात कीं, कुटुंबासह सुटीवर निघावयाच्या दिवशीं हे गृहस्थ अंथरुणांतून उठूंच शकले नाहींत. मग त्यांनीं एक चमत्कारिक उपाय केला. आपल्या मनांत काय चाललें आहे तें ध्वनिमुद्रण-यंत्रापुढें बोलून ठेवलें, आणि एखाद्या परक्या रोग्याचें ऐकावें तसें तें स्वतः ऐकलें. दुसऱ्यांचीं मनें वाचणाऱ्या या विद्वानाला स्वतःचें मन कळण्यासाठीं असें तिऱ्हाईत व्हावें लागलें!

१९७४ सालीं त्यांनीं या विषयावर निबंध प्रसिद्ध केला. त्यांत त्यांनीं नोंदविलेलीं लक्षणें आजहि वाचण्यासारखीं आहेत. रेंगाळणारी सर्दी, वारंवार डोकें दुखणें, पोटाच्या तक्रारी, झोंप न येणें, क्षुल्लक गोष्टीवरून भडकणें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे कामाच्या ठिकाणीं पूर्वीपेक्षां अधिक तास बसणें, पण पूर्वीपेक्षां कमी काम उरकणें. ही अवस्था कोणाला येते? निबंधाचें उत्तर स्पष्ट होतें : ज्याची कामावर निष्ठा आहे, जो कामांत जीव ओततो, त्याला. कामचुकार माणसाला हें भय फारसें नाहीं; जो कधीं पेटलाच नाहीं तो जळून कसा संपणार? १९८० सालीं त्यांनीं एका सहलेखिकेसह याच विषयावर पुस्तक लिहिलें, आणि मोठ्या यशाला पडणारी मोठी किंमत हाच अर्थ त्याच्या नांवांत घातला.

हें वाचतांना संस्कृत वैद्यकाच्या अभ्यासकाला वाग्भटाची आठवण झाल्याशिवाय राहत नाहीं. अष्टांगहृदयांत दिनचर्येच्या प्रकरणीं व्यायामाचा विषय आला आहे. तेथें वाग्भट सांगतो कीं, व्यायाम अर्ध्या शक्तीनें करावा. हा नियम त्यानें कोणासाठीं सांगितला आहे? दुबळ्यासाठीं नव्हे, बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसासाठीं, आणि तोहि थंडीच्या दिवसांत व वसंत ऋतूंत, इतर काळीं त्याहूनहि कमी. पुढें अतिव्यायाम, जागरण, फार चालणें, फार हंसणें, फार बोलणें अशी यादी देऊन तो बजावतो कीं, असलीं साहसें अतिरेकानें करणारा माणूस हत्तीला ओढूं जाणाऱ्या सिंहाप्रमाणें नाश पावतो. दृष्टान्त किती अचूक आहे पाहा. ससा हत्तीला ओढावयास जात नाहीं. तें सिंहालाच सुचतें. कारण आजवर त्यानें जें जें ओढलें तें तें आलें. त्याचा घात त्याच्या दुर्बलतेनें होत नाहीं. आपलें बळ कोठें संपतें हें त्यानें कधीं पाहिलेलें नसतें, म्हणून होतो.

व्यायामांत अर्धी शक्ति संपल्याची खूण सुश्रुतानें दिली आहे : श्वास तोंडावाटे येऊं लागला कीं थांबावें. बुद्धीच्या श्रमांत अशी ढळढळीत खूण दिसत नाहीं. म्हणून ती शोधावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं स्वीकारलेल्या आणि २०२२ च्या आरंभापासून अमलांत आलेल्या रोगांच्या वर्गीकरणांत बर्नआउटची नोंद आहे. संघटनेनें त्याला रोग म्हटलेलें नाहीं. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट आवरला न गेल्यानें येणारी, व्यवसायाशींच संबंध असलेली अवस्था म्हटलें आहे. तिचीं लक्षणें तीन. तीं आपण घरच्या भाषेंत पाहूं.

पहिलें, शक्ति आटणें. हा दिवसभराच्या श्रमाचा थकवा नव्हे. तो रात्रीच्या झोंपेनें उतरतो. हा सकाळीं उठतांनाच अंगावर असतो. दुसरें, कामाविषयीं मन उठणें. ज्या डॉक्टरीण बाई प्रत्येक रोग्याची नांवानिशीं चौकशी करीत, त्या आतां ‘सात नंबरचा पेशंट’ म्हणूं लागतात. जो प्राध्यापक विद्यार्थ्यांसाठीं वर्गाबाहेर तासभर उभा राही, तो त्यांची कुचेष्टा करूं लागतो. बोलण्यांत कडवटपणा येतो, ‘कशाला काय अर्थ आहे?’ हें पालुपद होतें. आपल्याला हा स्वभावांतील बदल वाटतो, गर्व वाटतो; पण पुष्कळदां ती करपलेल्या वातीची काजळी असते. तिसरें, आपल्या हातून कांहीं होत नाहीं असें वाटूं लागणें. चार ओळींच्या पत्राला तासभर लागतो, साधा निर्णय घेववत नाहीं. आणि ती उणीव भरून काढण्यासाठीं तो माणूस आणखी दोन तास जागतो. येथेंच सिंह हत्तीला पुन्हां जोर लावतो.

बाहेरून मात्र कांहींच बिघडलेलें दिसत नाहीं. याचें एक जुनें उदाहरण आपल्याकडील आगरकरांच्या पिढीला गुरुस्थानीं असलेल्या जॉन स्टुअर्ट मिल यांचें आहे. वडील जेम्स मिल यांनीं त्यांना तिसऱ्या वर्षीं ग्रीक आणि आठव्या वर्षीं लॅटिन शिकवावयास आरंभ केला. १८२३ सालीं, वयाच्या सतराव्या वर्षीं, मिल लंडनमध्यें ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरींत लागले. शिवाय लेखन, संपादन, वादविवाद अखंड चालूच. १८२६ च्या शरद ऋतूंत, विसाव्या वर्षीं, त्यांच्या मनांत प्रश्न उभा राहिला कीं, आपण ज्या सुधारणांसाठीं झटतों आहों त्या सगळ्या या क्षणीं सिद्ध झाल्या तर आपल्याला आनंद होईल काय? आणि आंतून उत्तर आलें, ‘नाहीं.’ त्यासरशीं ज्या पायावर त्यांचें जीवित उभें होतें तो पायाच खचला. मिल यांची ही अवस्था आणि आजचें बर्नआउट तंतोतंत एक, असें म्हणण्याचा हेतु नाहीं. पण त्यांच्या आत्मचरित्रांतील दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. त्या काळांतहि ते नित्याचीं कामें केवळ संवयीच्या जोरावर करीत राहिले. आणि मनांतलें दुःख वडिलांना सांगावें असें त्यांना वाटलें नाहीं. कारण ज्या शिक्षणाचा हा परिणाम होता, तें वडिलांनींच इतक्या कष्टानें दिलेलें होतें. आपण दिलेलें शिक्षण फसलें असें त्यांना कळून त्यांना दुःख कां द्यावें, असा मुलाचा विचार. हें वाक्य लिहितांना आपल्या किती घरांतील बंद खोल्या डोळ्यांपुढें येतात!

आतां उपायांकडे वळूं. पहिला उपाय सर्वांना सुचतो तो सुटीचा. आणि तो बहुधा पुरा पडत नाहीं. गेल्या दिवाळींत एक जुना विद्यार्थी भेटावयास आला होता. वय चाळिशीच्या अलीकडे. हिंजवडींत संगणकाच्या एका कंपनींत मोठ्या जागेवर. ‘काय रे, प्रकृति कशी आहे?’ असें विचारतां म्हणाला, ‘सर, रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत. पण सकाळीं लॅपटॉप उघडावासा वाटत नाहीं. आणि उघडला कीं रात्रीं मिटवत नाहीं.’ मीं म्हटलें, ‘मग चार दिवस कोठें जाऊन यायचें होतेंस.’ तो हंसला. ‘गेलों होतों ना सर, दापोलीला, आठ दिवस. पहिले चार झोंपून काढले. पुढचे चार सोमवारच्या विचारांत.’

या उत्तरांत सगळें आलें. सिंहाला आठ दिवस झाडाखालीं निजविलें आणि नवव्या दिवशीं त्याच हत्तीला जुंपलें, तर काय साधलें? क्रिस्टिना मॅस्लाक या अमेरिकन विदुषींनीं या विषयाचा अनेक वर्षें अभ्यास केला. १९८१ सालीं एका सहकारिणीबरोबर त्यांनीं ही अवस्था मोजण्याची प्रश्नावली प्रसिद्ध केली. पुढें १९९७ सालीं मायकेल लायटर यांच्याबरोबर लिहिलेल्या पुस्तकांत त्यांनीं दाखवून दिलें कीं, दोष केवळ माणसाच्या मनांत शोधूं नये. माणूस आणि काम यांचा मेळ कोठें बिघडला तेंहि पाहावें. जागा त्यांनीं सहा सांगितल्या : कामाचा बोजा, कामावरील स्वतःचा ताबा, मिळणारा मोबदला व कदर, सहकाऱ्यांचा जिव्हाळा, न्यायाची वागणूक, आणि आपल्या मूल्यांशीं कामाचा मेळ. थकलेल्या माणसानें शांतपणें कागद घ्यावा, हीं सहा नांवें लिहावीं आणि प्रत्येकापुढें खरें उत्तर लिहावें. फ्रॉइडेनबर्गर यांनीं ध्वनिमुद्रणानें जें साधलें तें यानें साधेल. कित्येकदां असें दिसतें कीं, बोजा पेलण्यासारखाच होता. पण वरिष्ठांच्या एका अन्यायाचा कांटा सलत होता. अशा वेळीं महाबळेश्वर काय करणार? तेथें वरिष्ठांशीं स्पष्ट बोलणें, खातें बदलून मागणें, किंवा नोकरीच बदलणें हाच उपाय.

दुसरा उपाय विश्रांतीचाच. पण विश्रांति नियमानें घेतलेली पाहिजे. आपल्या जुन्या पाठशाळांतून अनध्याय पाळीत. अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या या तिथींना वेदपठण बंद. त्याचीं धार्मिक कारणें कांहींहि असोत, त्यांतील एक व्यवहार लक्षांत घेण्यासारखा आहे : ‘तूं थकला आहेस काय?’ असें शिष्याला कोणी विचारीत नसे. तिथि आली कीं पोथी बांधली. विश्रांति हें काम संपविल्याचें बक्षीस नव्हतें, आणि मोडून पडल्यावर लावण्याचें औषधहि नव्हतें. हुशार माणसाची चूक येथेंच होते. ‘एवढें झालें कीं थांबेन’ असें तो म्हणतो. आणि त्याचें ‘एवढें’ कधींच होत नाहीं. आठवड्यांतील एक दिवस आणि दिवसांतील एक ठराविक घटका अनध्यायाची असावी. त्या वेळीं फोन दुसऱ्या खोलींत, कचेरीचीं पत्रें बंद. झोंपेविषयीं तर वादच नको. चरकानें शरीराचे तीन आधारस्तंभ सांगितले, त्यांत आहाराच्या खालोखाल निद्रा आहे. रात्रीं दोन वाजेपर्यंत परदेशच्या कचेरीशीं बोलावें आणि सकाळीं सातला मुलाची शाळेची बस गांठावी, हें महिनोन् महिने चालणारें नव्हे.

येथें कोणी म्हणेल कीं, अशानें देश कसा पुढें जाणार? २०२३ सालीं एका नामवंत उद्योगपतींनीं तरुणांना आठवड्यास ७० तास काम करण्याचा उपदेश केला आणि त्यावर पुष्कळ चर्चा झाली. कष्टांचें महत्त्व कोण नाकारील? परंतु जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनीं २०२१ सालीं प्रसिद्ध केलेला हिशेबहि पाहिला पाहिजे. आठवड्यास ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या मानानें ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा संभव ३५ टक्के, आणि हृदयाचा रक्तपुरवठा खुंटून मृत्यु येण्याचा संभव १७ टक्के अधिक आढळला. देश पुढें न्यावयाचा तर तो नेणारीं माणसें शाबूत राहिलीं पाहिजेत.

तिसरा उपाय असा कीं, आयुष्यांत एक तरी गोष्ट अशी असावी कीं जींत नंबर लागत नाहीं. मिल यांना पुढें उतार पडला तो अधिक तर्कशास्त्र वाचून नव्हे. मार्मोंतेल या फ्रेंच लेखकाच्या आठवणींतील, वडिलांच्या मृत्यूचा प्रसंग वाचतां वाचतां त्यांना रडूं आलें, आणि आपलें अंतःकरण अद्याप मेलेलें नाहीं हें कळून त्यांच्या मनावरचा भार हलका झाला. १८२८ सालीं वर्ड्‌स्वर्थच्या कविता हातीं आल्या; त्यांनीं आणखी बरें केलें. आपल्या घरांतून मात्र छंदालाहि परीक्षा चिकटविण्याची खोड आहे. मुलीला गाण्याच्या क्लासला घातलें कीं पहिल्या महिन्यांतच ‘विशारद कधीं?’ असा प्रश्न. टेकडीवर जाऊं लागला तर पावलें मोजण्याचें घड्याळ मनगटावर! चार कुंड्यांना पाणी घालावें, बेसूर कां होईना पेटी वाजवावी, नातवंडाबरोबर पत्ते खेळून हरावें. तेथें कोणी गुण देत नाहीं, हाच त्यांतला गुण.

चौथी गोष्ट उपाय नव्हे, सावधगिरी आहे. रक्तक्षय, थायरॉइडचा विकार, मधुमेह, आणि विशेषतः डिप्रेशन यांतहि असाच थकवा येतो. तेव्हां स्वतःच निदान करून न बसतां आधीं डॉक्टरांकडे जावें. कामापासून दूर असतांनाहि मन कशांतच रमत नसेल, सर्व निराशा वाटत असेल, जगणें नकोसें झाल्याची भाषा तोंडीं येऊं लागली असेल, तर एक दिवसाचाहि विलंब करूं नये. मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यांत कसलाहि कमीपणा नाहीं. भारत सरकारनें ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ ही विनामूल्य दूरध्वनि-सेवा सुरू केली आहे. तिचा क्रमांक १४४१६ घरांतील सर्वांना ठाऊक असावा.

आतां दोन शब्द वडीलधाऱ्यांसाठीं. कारण हें मासिक बहुधा त्यांच्याच हातीं प्रथम पडतें. मुलगा किंवा मुलगी थकली, तर कंपनीला दोष देणें सोपें आहे, आणि पुष्कळदां तो रास्तहि असतो. पण पहिला हत्ती घरच्या अंगणांत बांधलेला असतो. ‘पंच्याण्णव मिळाले? मग पांच कोठें गेले?’ हा विनोद आपल्यांत पिढ्यान् पिढ्या चालला आहे. त्या विनोदावर वाढलेलें मूल चाळिसाव्या वर्षींहि त्या पांच गुणांच्या शोधांत रात्रीं जागत असतें. पुढें त्याच्या पगाराचा आंकडा आपण शेजाऱ्यांना सांगतों, फ्लॅटच्या हप्त्याला संमति देतों. आणि मग एक पायरी खालीं उतरावें असें त्याच्या मनांत आलें, तरी तें बोलण्याची त्याला चोरी होते. सून किंवा मुलगी असेल तर तिचे हत्ती दोन. कचेरींतला सोडून आली कीं स्वयंपाकघरांतला वाट पाहत असतो. तिला ‘स्वतःला जप हो’ असा उपदेश करण्यापेक्षां सासऱ्यांनीं कुकर लावावयास शिकणें अधिक हिताचें आहे.

म्हणून घरच्यांनीं करावयाची गोष्ट एकच. येत्या रविवारीं, जेवणें झाल्यावर, दुसरें कोणी जवळ नसतांना, त्या कर्तृत्ववान मुलाला किंवा मुलीला एवढें सांगावें : ‘तुला हें सोडावेंसें वाटलें, कमी पगाराची जागा घ्यावीशी वाटली, वर्षभर थांबावेंसें वाटलें, तर आपलें भागेल. आम्ही हिशेब करून पाहिला आहे.’ आणि हिशेब खरोखरच आधीं करून ठेवावा. नाहीं तर ते केवळ गोड शब्द होतील. पुष्कळांना नोकरी सोडावी लागणार नाहीं. सोडतां येते एवढें कळल्यानेंच कित्येकांना अर्ध्या शक्तीवर थांबण्याचें धैर्य येईल. आणि ज्याला खरोखर सोडावी लागेल, त्याला घरांतील माणसांचीं तोंडें चुकवावीं लागणार नाहींत.